मेंझेलच्या ‘लोखंड लाटण्याचा कारखाना’ या चित्राची पेन्सिल-रेखाटने : ‘पूर्वतयारी’ या संकल्पनेचा पुनर्विचार

प्रास्ताविक

चित्र रंगविण्यापूर्वी चित्रकार कागदावर जे काढतो त्याला आपल्याकडे ‘कच्चे रेखाटन’ म्हणण्याची रीत आहे. घराचा आराखडा कच्चा, हिशेबाची वही कच्ची, तसे चित्राचे रेखाटनही कच्चेच. या शब्दामागे एक गृहीतक दडलेले आहे. कच्च्याचे प्रयोजन पक्क्यात संपते. पक्के हाती आले की कच्चे टाकून द्यावे, किंवा फार तर अभ्यासकांच्या सोयीसाठी जपून ठेवावे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कला-अकादमींनी हे गृहीतक जवळजवळ नियमासारखे पाळले. त्या अकादमींच्या धर्तीवर १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या द्वारे ते आपल्याही कलाशिक्षणात आले आणि रुजले. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे करावयाची आहे. ते उदाहरण म्हणजे जर्मन चित्रकार आडोल्फ मेंझेल (१८१५–१९०५) याने १८७२ ते १८७५ या काळात ‘आयझनवाल्झवेर्क’, म्हणजे लोखंड लाटण्याचा कारखाना, या तैलचित्रासाठी केलेली पेन्सिल-रेखाटने.

ही रेखाटने शंभराहून अधिक आहेत. त्यांतील बहुतांश बर्लिन येथील कुपफरश्टिशकाबिनेट या संग्रहात आहेत. एका चित्रासाठी शंभर रेखाटने, ही गोष्ट मेंझेलच्या परिश्रमशीलतेचा दाखला म्हणून नेहमी सांगितली जाते. परिश्रमाचा दाखला देऊन समीक्षेने थांबावे, असे मात्र नाही. तयारीसाठी जितके लागते त्याहून कितीतरी अधिक जर कोणी करीत असेल, तर तो केवळ तयारीच करीत आहे काय, असा प्रश्न पडावयास हवा. प्रस्तुत लेखकाने ही रेखाटने छापील प्रतिकृतींतून अभ्यासली आहेत. प्रतिकृतीत कागदाचा आकार व शिसाची चमक हरवते, म्हणून पुढील विवेचनात भर आहे तो आकृतींच्या मांडणीवर, रेषेच्या स्वभावावर आणि काय काढले व काय सोडले यावर.

चित्र आणि त्याचा प्रसंग

प्रथम तैलचित्राकडे वळू. १५८ सेंटिमीटर उंच आणि २५४ सेंटिमीटर रुंद अशा या कॅनव्हासवर कोनिग्सह्यूटे येथील रोलिंग मिलचे अंतर्भाग-दृश्य आहे. हे गाव त्या वेळी प्रशियाच्या अप्पर सायलेशिया प्रांतात होते; आज ते पोलंडमध्ये असून खोजूफ या नावाने ओळखले जाते. मध्यभागी तापून पांढरे झालेले लोखंड रोलरच्या तोंडात ढकलले जात आहे. सांडश्या आणि पहारी घेतलेली माणसे त्याभोवती वाकलेली आहेत. डावीकडे एक कामगार घणाखालून निघालेला लोखंडाचा ठोकळा हातगाडीवरून निववण्यासाठी ओढून नेत आहे. त्याच बाजूला, थोडे मागे, पाळी संपलेले कामगार उघड्या अंगाने हातपाय धूत आहेत. उजवीकडे, अगदी पुढे, पत्र्याच्या एका मोडक्या आडोशामागे काही जण जेवत आहेत. त्यांचे जेवण घेऊन आलेली एक तरुणी टोपलीशी वाकली आहे. दूर मागे गोल टोपी घातलेला एक अधिकारी फिरताना दिसतो. या सर्वांवर चाकांचे, पट्ट्यांचे, धुराचे आणि वाफेचे छत आहे.

या चित्राला ‘जनजीवनचित्र’ म्हणावे की नाही, याविषयी मतभेद संभवतात. सामान्य माणसांचे नित्याचे व्यवहार दाखविणारे आणि आकाराने लहान असे चित्र, ही त्या प्रकाराची रूढ ओळख. एवढा मोठा कॅनव्हास त्या काळी लढाया, राज्याभिषेक आणि पुराणप्रसंग यांच्यासाठी राखलेला असे. मेंझेलने स्वतः विल्हेल्म पहिला याचा कोनिग्सबेर्ग येथील राज्याभिषेक १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे रंगविला होता. दहा वर्षांनी त्याने तशीच गर्दी व तशीच गंभीरता कामगारांच्या पाळीबदलास दिली. विषय जनजीवनचित्राचा, भाषा इतिहासचित्राची. बर्लिनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाला या विषयाचे थोडे अवघडलेपण वाटले असावे. अन्यथा त्याला ‘आधुनिक सायक्लॉप्स’ हे पौराणिक नाव जोडण्याची गरज काय होती? ग्रीक पुराणातील एकाक्ष लोहारांशी नाते जोडले की कामगार भव्य होतो, आणि त्याचबरोबर दूरचाही होतो.

या दूर सारण्याला एक संदर्भ आहे. जून १८७१ मध्ये कोनिग्सह्यूटे येथे खाणकामगारांचा उद्रेक झाला आणि तो दडपण्यासाठी लष्कर आले. मेंझेल तेथे पोहोचला तो पुढच्याच वर्षी. फ्रान्सकडून मिळालेल्या युद्धखंडणीच्या पैशावर जर्मनीत कंपन्यांचे पेव फुटले होते. १८७३ मध्ये बाजार कोसळला. बँकर आडोल्फ फॉन लीबरमान याने १८७५ साली हे चित्र घेतले आणि त्याच वर्षी ते राष्ट्रीय संग्रहाकडे गेले. या सर्व घडामोडींची खूण चित्रात शोधू गेल्यास ती सहज सापडत नाही. चित्रात संप नाही, आक्रोश नाही, मालकाची क्रूरताही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर संग्रहालय-बेट पूर्व बर्लिनमध्ये राहिले, आणि समाजवादी समीक्षेने हेच चित्र श्रमिकवर्गाच्या उदयाचे प्रतीक म्हणून गौरविले. उद्योगाच्या अभिमानाचे चित्र म्हणून त्याचा गौरव आधीपासूनच होत आला होता. एकच चित्र दोघांनाही आपले वाटावे, याचे कारण चित्रातील माणसे कोणाच्याच बाजूने बोलत नाहीत, हे असू शकेल. पण मग ती काय करीत आहेत? या प्रश्नाचे उत्तर चित्रापेक्षा रेखाटनांत अधिक स्पष्ट मिळते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रेखाटनांतील हात

मेंझेल हा शाळकरी वयापासून रेखाटणारा माणूस होता. वडिलांचा शिळाछापाचा व्यवसाय होता. १८३२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर सोळा वर्षांच्या मुलावर तो व्यवसाय आणि कुटुंब यांचा भार आला. त्याची उंची सुमारे १४० सेंटिमीटर होती. दोन्ही हातांनी काम करण्याची सवय त्याने लावून घेतली होती आणि रेखाटनासाठी तो प्रामुख्याने डावा हात वापरी. कोटाला वह्या व पेन्सिली ठेवण्यासाठी अनेक खिसे शिवून घेतले होते. कोणतेही रेखाटन उपयोगी असते, तसेच कोणत्याही वस्तूचे रेखाटन उपयोगी असते, अशा अर्थाचे त्याचे मत प्रसिद्ध आहे. उत्तरायुष्यात त्याने जाड, मऊ शिशाची सुतारी पेन्सिल जवळ केली. तिच्या रेषा तो बोटाने किंवा कागदाच्या गुंडाळीने पुसट करीत असे. काटेकोर बारीक रेषेऐवजी रुंद, धुरकट, खोलगट अशी छटा त्यातून मिळते. लोखंडाच्या कारखान्यातील काजळी आणि घाम यांना हे माध्यम जितके मानवले तितका तैलरंगही मानवला नाही, असे पाने उलटताना वारंवार वाटते.

या पानांवर काय आहे? एकेकटी माणसे आहेत. एकाच पानावर तोच माणूस दोनदा, कधी तीनदा. बाजूला त्याचे डोके वेगळे, मनगट वेगळे, सांडशी धरलेली मूठ वेगळी. वाकलेली पाठ एकदा काढून झाल्यावर तीच पाठ किंचित अधिक वाकवून पुन्हा काढलेली. धुणारे, पिणारे, जेवणारे आहेत. यंत्रांचे भागही आहेत, पण ते वेगळे. मनुष्याकृतीच्या पानांवर यंत्र बहुधा नसते. सांडशीचे किंवा पहारीचे टोक काही अंतरावर कागदात विरून जाते. ज्या लोखंडासाठी ही सगळी ओढाताण चालली आहे ते लोखंड या पानांवर नाहीच.

ही अनुपस्थिती महत्त्वाची आहे. तैलचित्रात तापलेले लोखंड हा प्रकाशाचा प्रमुख उगम आहे. त्याच्यामुळे चेहरे उजळतात, पाठी काळवंडतात आणि प्रेक्षकाची नजर मध्यभागी ओढली जाते. पेन्सिलीला हे जमत नाही. शिसाने फक्त काळे करता येते. कागदावर सर्वांत तेजस्वी जी जागा ती म्हणजे कोरी जागा. म्हणून रेखाटनांत तेज नाहीसे होते आणि उरतो तो भार. सांडशीच्या टोकाला काय आहे हे दिसत नाही, मात्र ते किती जड आहे हे खांद्याच्या उतारावरून, पुढे रोवलेल्या पायावरून आणि मागच्या पायाच्या उचललेल्या टाचेवरून कळते. चित्रात आपण लोखंड पाहतो. रेखाटनात आपल्याला त्याचे वजन जाणवते.

आणखी एक तांत्रिक बाब येथे नमूद केली पाहिजे. त्या काळच्या लाटण्याच्या पद्धतीत लोखंडाचा लांबट ठोकळा एकदाच रोलरमधून जात नसे. पलीकडच्या कामगारांनी तो पकडावयाचा, वरून परत अलीकडे द्यावयाचा, आणि पुढच्या, आधीपेक्षा अरुंद खाचेतून पुन्हा घालावयाचा. असे अनेक वेळा करीत त्याचा रूळ बनत असे. लोखंड निवण्यापूर्वी हे उरकावे लागे. म्हणजे कामगाराची प्रत्येक हालचाल क्षणभराची, पण ती पुनःपुन्हा होणारी. हाच दुहेरी स्वभाव मेंझेलच्या पानांवर उमटला आहे. पहिल्या फेरीत खांद्याची रेषा मिळाली, दुसऱ्या फेरीत कोपर, तिसऱ्या फेरीत मूठ. वाकलेली पाठ पुन्हा काढलेली दिसते ती हात चुकला म्हणूनच असेल असे नाही. माणूस पुन्हा वाकला म्हणूनही असेल. यंत्रयुगातील श्रमाची जी पुनरावृत्ती आपण कंटाळवाणी आणि अमानुष म्हणतो, तीच या रेखाटनांना शक्य करणारी अट आहे. शेतात पेरणी करणारा किंवा दगड फोडणारा माणूसही हालचाल पुन्हा करतो. पण इतक्या नेमक्या मापात, इतक्या अल्प अवधीत नाही.

महाराष्ट्रातील शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्यांना ‘वस्तुचित्र’ आणि ‘स्मरणचित्र’ असे दोन वेगळे विषय आठवत असतील. समोर ठेवलेल्या वस्तूचे पाहून काढावयाचे ते वस्तुचित्र. प्रसंग आठवून काढावयाचा ते स्मरणचित्र. प्रश्नपत्रिकेपुरता हा भेद सोयीचा आहे. लोखंड ढकलणाऱ्या माणसाचे रेखाटन या दोहोंपैकी कशात बसवावे? तो समोर आहे, म्हणून वस्तुचित्र; पण पेन्सिल कागदाला टेकेपर्यंत ती अवस्था सरून गेलेली असते, म्हणून स्मरणचित्र. आणि काही क्षणांनी तो पुन्हा त्याच अवस्थेत येतो, तेव्हा स्मरण पडताळून पाहता येते. पाहणे, आठवणे व पडताळणे यांचा हा फेरा चित्रशाळेत पैसे देऊन बसविलेल्या स्थिर नमुन्यावरून साधत नाही. अकादमीच्या शिस्तीत नमुना चित्रकारासाठी थांबतो. कोनिग्सह्यूटेत कोणी कोणासाठी थांबत नव्हते. स्वतः मेंझेलने पुढे आपल्या एका पत्रात, रेखाटत असताना आपणही त्या यंत्रांत लाटले जातो की काय अशी स्थिती होती, अशा आशयाचे विनोदाने लिहिले आहे. विनोद सोडला तरी चित्रकार कोठे उभा होता हे त्यातून कळते.

दोन मेंझेल?

मेंझेलच्या मृत्यूनंतर, १९०६ साली, युलियुस मायर-ग्रेफे या प्रभावी समीक्षकाने ‘तरुण मेंझेल’ हा विषय घेऊन एक ग्रंथ लिहिला. बाल्कनीची खोली (१८४५), बर्लिन–पोट्सडाम रेल्वे (१८४७) अशी मोकळ्या हाताची, खाजगी, प्रकाशाने भरलेली चित्रे काढणारा एक मेंझेल; आणि दरबारी, तपशिलांचे ढीग रचणारा, मानसन्मानांत हरवलेला दुसरा मेंझेल. पहिला थोर, दुसऱ्याने पहिल्याचा घात केला, असा त्या मांडणीचा रोख. इंप्रेशनिस्टांचा विजय झालेल्या काळात ही मांडणी आकर्षक होती आणि आजही ती पूर्ण मावळलेली नाही. तिच्यापासून पुढे एक सोपे सूत्र निघाले : रेखाटन तेवढे आधुनिक, तैलचित्र तेवढे जुनाट.

हे सूत्र मान्य करणे कठीण आहे. एक तर कारखान्याची रेखाटने १८७२ नंतरची, म्हणजे तथाकथित ‘दुसऱ्या’ मेंझेलची आहेत. त्या वेळी तो सुमारे ५६ वर्षांचा, बहुमानित असा चित्रकार होता. तपशिलांचा जो हव्यास दोष म्हणून दाखविला जातो, तो या रेखाटनांतही पुरेपूर आहे. किंबहुना तोच त्यांचे सामर्थ्य आहे. दुसरे असे की, ‘उत्स्फूर्त रेखाटन’ आणि ‘रचलेले चित्र’ ही विभागणी मेंझेलला लावताना ‘उत्स्फूर्त’ हा शब्दच लटका पडतो. शंभर पाने कोणी उत्स्फूर्तपणे काढीत नाही. ती एक प्रकारची पाळी आहे. रोज भरावयाची हजेरी आहे. कामगाराच्या पुनरावृत्तीला चित्रकाराने आपल्या पुनरावृत्तीने दिलेला हा प्रतिसाद होय. त्याच काळात त्याने केलेल्या एका गॉशमध्ये वाफेच्या घणाजवळील कामगारासोबत त्याने स्वतःलाही दाखविले आहे. तेथे जाऊन ‘मी पाहिले’ असे सांगण्यापुरता हा आत्मचित्राचा हट्ट नसावा.

मायकल फ्रीड यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मेंझेल्स रिअ‍ॅलिझम’ या ग्रंथाने चर्चेला वेगळे वळण दिले. मेंझेलचे वास्तव हे डोळ्यांनी टिपलेले वास्तव नसून देहाने जाणलेले वास्तव आहे. वस्तू हाताळण्याचा, भार पेलण्याचा, तोल सांभाळण्याचा अनुभव त्याच्या चित्रांतून प्रेक्षकाच्या देहात संक्रमित होतो, असे फ्रीड यांचे थोडक्यात प्रतिपादन. रोबेर्ट फिशर याने ‘आइनफ्यूलुंग’ ही संज्ञा, म्हणजे वस्तूत शिरून अनुभवणे, १८७३ साली मांडली. त्याच वर्षी मेंझेल या चित्रावर काम करीत होता. आपल्याकडील वाचकाला येथे ‘साधारणीकरण’ आठवेल. पण ती तुलना सरळ करता येणार नाही. साधारणीकरणात व्यक्तीचे विशेष गळून पडतात आणि भाव सर्वांचा होतो. मेंझेलच्या पानावर विशेष गळत नाहीत. हा माणूस, ही मूठ, हा सुजलेला सांधा, एवढेच तेथे असते, आणि तरीही पाहणाऱ्याचा खांदा नकळत आखडतो. विशेष गळल्याविना तादात्म्य कसे घडते, हा आपल्या काव्यशास्त्रालाही विचारण्याजोगा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखाच्या मर्यादेत तो फक्त नोंदवून ठेवतो.

फ्रीड यांच्या विवेचनाशी एका बाबतीत मात्र मतभेद नोंदविणे आवश्यक वाटते. देहाने जाणलेले वास्तव ही कसोटी ते तैलचित्रांना आणि रेखाटनांना जवळजवळ सारखीच लावतात. कारखान्याच्या बाबतीत असे करता येत नाही. रेखाटनातून चित्रात जाताना काहीतरी बदलते, आणि तो बदल केवळ माध्यमाचा नाही.

कागदावरून कॅनव्हासवर

जेवणाऱ्यांचे उदाहरण घेऊ. रेखाटनांत जेवणारा माणूस पूर्णपणे जेवणात असतो. भांडे तोंडाशी नेलेले, मान खाली, डोळे मिटल्यासारखे किंवा नजर कशावरच नसलेली. दमलेल्या माणसाचे खाणे हेही एक कामच असते, आणि मेंझेलची पेन्सिल ते कामासारखेच काढते : हाताची पकड सांडशीवर जशी तशी भांड्यावर. तैलचित्रात हीच माणसे उजव्या कोपऱ्यात आली आणि त्यांच्यासोबत टोपलीवाली तरुणी आली. ती टोपलीशी वाकली असता तिची नजर चित्राबाहेर, थेट आपल्याकडे वळलेली आहे. ही युक्ती जनजीवनचित्राच्या जुन्या परंपरेतली. डच चित्रकारांपासून ती चालत आलेली आहे : गर्दीतील एक व्यक्ती प्रेक्षकाकडे पाहते आणि त्याला आत बोलाविते. तिच्यामुळे कोपऱ्याला गोष्ट मिळते. जेवण कोणी आणले, ती कोणाची कोण, असे प्रश्न सुरू होतात, आणि खाण्याचे काम ‘जेवणाचा प्रसंग’ होऊन जाते.

या तरुणीला दोष देणे सोपे आहे. तिच्यामुळे चित्राला घरगुती गोडवा आला, तो विषयाला शोभत नाही, असे म्हणता येईल, आणि बराच काळ प्रस्तुत लेखकाचेही तेच मत होते. पुनःपुन्हा पाहिल्यावर ते थोडे बदलले. संपूर्ण चित्रात कामातून मोकळी होऊन प्रेक्षकाची दखल घेणारी ती एकटीच आहे. बाकी कोणालाही आपल्याकडे पाहण्याची फुरसत नाही. तिची नजर नसती तर आपण त्या कारखान्यात अदृश्य राहिलो असतो, आणि अदृश्य प्रेक्षकाला श्रमाचे दृश्य हा नुसता देखावा वाटू शकतो. ती पाहते म्हणून आपण तेथे आहोत, आणि काही न करता उभे आहोत, याची जाणीव होते. परंपरेतून उचललेली युक्ती येथे परंपरेपेक्षा कठोर अर्थ देते. हा अर्थ रेखाटनांना देता आला नसता, कारण रेखाटनांत प्रेक्षक नसतोच. असतो तो सोबत राबणारा चित्रकार.

याउलट, मध्यभागातील गटाचे रूपांतर तितकेसे समाधानकारक नाही. रेखाटनांत प्रत्येक देहाचा तोल स्वतःचा आहे. चित्रात ते देह एकमेकांत गुंफले गेले, त्यांची एक कमान झाली, आणि तापल्या लोखंडाच्या प्रकाशाने तिला नाट्य दिले. कमान सुंदर आहे. पण रचनेच्या सोयीसाठी काही माणसांचे वजन कमी झाले आहे. पहारीवर जोर टाकणाऱ्याच्या मागे उभ्या असलेल्यांपैकी काही केवळ जागा भरतात. शंभर पानांतून ज्या माणसाची मूठ, मनगट, मान आपण ओळखू लागलो होतो, तो येथे ‘कामगारांपैकी एक’ होतो. ‘आधुनिक सायक्लॉप्स’ हे नाव शोधणाऱ्यांना चित्राने ती वाट स्वतःच दाखविली, असे म्हणावे लागते. रेखाटनांना ते नाव देण्याचे धाडस कोणी केले नसते.

कूर्बेच्या दगडफोड्यांशी (१८४९) येथे तुलना सुचते. १९४५ मध्ये ड्रेस्डेनच्या बाँबवर्षावात नष्ट झालेल्या त्या चित्रात कूर्बेने दोन्ही कामगारांचे चेहरे लपविले होते. एक टोपीच्या सावलीत, दुसरा पाठमोरा. चेहरा नाकारून कूर्बेने श्रमिकाला वर्गाचे प्रतिनिधित्व दिले. मेंझेल चेहरा नाकारीत नाही, पण तो चेहऱ्यावर भावही ठेवीत नाही. त्याच्या रेखाटनांत चेहऱ्याला जितकी रेषा मिळते तितकीच कोपराला मिळते. अशी समान वाटणी ही एक नैतिक भूमिका आहे, तिला राजकीय म्हणणे कदाचित अतिशयोक्तीचे ठरेल. आपल्या समीक्षेला प्रतिनिधित्वाची भाषा जवळची असल्याने कूर्बे लगेच उमगतो, मेंझेलशी मात्र थोडे थांबावे लागते.

येथे लोखंडाच्या प्रक्रियेकडे परत जाणे उपयुक्त ठरेल. भट्टीतून निघते ते बीड, म्हणजे कच्चे लोखंड; ठिसूळ, ओतता येणारे पण घडविता न येणारे. ते दुसऱ्या भट्टीत माणसाने लांब दांड्याने घुसळावयाचे, त्यातील कार्बन जाळावयाचा, गोळा करून घणाखाली दाबावयाचा, मग लाटावयाचा. कच्च्याचे घडीव होताना लोखंडातून मळी बाहेर पडते. ठिणग्या उडतात त्या याच मळीच्या. मेंझेलने १८७९ साली संग्रहालयासाठी आपल्या चित्राचे जे वर्णन लिहून दिले त्यात कामाचे हे टप्पे तो मोठ्या काळजीने सांगतो. माणसांच्या भावनांविषयी मात्र तो फारसे काही बोलत नाही. मौज अशी की हेन्री बेसेमरने पोलादनिर्मितीच्या नव्या पद्धतीचे पेटंट १८५६ मध्येच घेतले होते, आणि पुढील काही दशकांत पोलादी रुळांनी घडीव लोखंडाच्या रुळांना हटविले. आधुनिकतेचे म्हणून जे चित्र गाजले, त्यातील घुसळणाऱ्या आणि लाटणाऱ्या हातांचे कसब चित्र रंगत असतानाच मावळतीला लागले होते.

त्या दृष्टीने पाहिल्यास शंभर पानांचा अतिरेक वेगळा दिसतो. चित्रासाठी दहा-वीस आकृती पुरल्या असत्या. उरलेल्या पानांवर आहे तो त्या कसबाचा दप्तरी नोंदीसारखा तपशील : सांडशी कोठे धरावी, पहारीखाली गुडघा किती वाकवावा, साखळीने टांगलेली तरफ कोणत्या उंचीवर खांद्याला लागते. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते पाठीत आणि मनगटात होते, वडीलधाऱ्या कामगाराकडून नव्या पोराकडे बघूनबघून जात होते. अप्पर सायलेशियातील बहुसंख्य कामगार पोलिश भाषिक. बर्लिनहून आलेल्या या चित्रकाराशी त्यांचा संवाद किती झाला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पेन्सिलीने हा प्रश्न बाजूला सारला. तिने त्यांच्या हातांकडून ज्ञान घेतले आणि ते जेथे घेतले तेथेच, कोपऱ्यातल्या एका वेगळ्या मुठीच्या रेखाटनात, ठेवून दिले. तैलचित्रात आलेल्या मुठींपेक्षा न आलेल्या मुठींची संख्या मोठी आहे, आणि ‘पूर्वतयारी’ हा शब्द त्या न आलेल्या मुठींना लागू पडत नाही.

आज हे तैलचित्र संग्रहालय-बेटावरील जुन्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे, आणि रेखाटने शहराच्या दुसऱ्या भागात, कुल्टूरफोरुमच्या इमारतीत. शिसाचा कागद प्रकाशाने खराब होतो, म्हणून ती पाने कायम टांगलेली नसतात. मागणी नोंदवून, अभ्यासिकेत बसून, एकेक उलटून पाहावी लागतात. चित्रापुढे गर्दी असते आणि लोक काही पावले मागे सरून उभे राहतात. पानासाठी मात्र वाकावे लागते. कागदावरचा माणूस पाठ वाकवून सांडशी रेटत असतो, सांडशीच्या टोकाला कोरा कागद असतो, आणि त्याच्या शेजारी त्याचीच मूठ पुन्हा एकदा, थोडी मोठी, काढलेली असते.